रुईच्या झुडपापासून सुरुवात: वसंतात कीटक कसे पाहावेत, कसे ओळखावेत

होळी जवळ आली की पुण्याभोवतीच्या टेकड्या ओसाड दिसायला लागतात. गवत वाळून कोळ झालेलं, निम्म्या झाडांची पानं गळालेली, वाटेवर फुफाटा. कीटक बघायचे तर पावसाळ्यात, असं बहुतेकांना वाटतं. पावसाळ्यात ते संख्येनं जास्त असतात हे खरंच. पण नव्यानं शिकणाऱ्यानं सुरुवात फाल्गुन-चैत्रातच करावी, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं असतं, त्यामुळे कीटक कुठेही सापडू शकतो आणि म्हणूनच नवख्याला सापडत नाही. वसंतात मध, कोवळी पालवी आणि पाणी थोड्याच जागी उरलेलं असतं. फुललेला पांगारा, मोहरलेला आंबा, गळका नळ, रस्त्याकडेचं एखादं हिरवं रुईचं झुडूप. आपण तिथं जाऊन शांत बसलं की कीटकच आपल्यापाशी येतात.

पुढची पद्धत पुणे आणि आसपासच्या देशावरच्या भागाला धरून लिहिली आहे. कोकणात किंवा विदर्भात झाडं थोडी बदलतील, बाकी काम तेच.

पायरी १: रानात जाऊ नका, एक झुडूप निवडा

नवीन माणूस पहिल्याच रविवारी ताम्हिणी घाटात किंवा भीमाशंकरला जातो, दिवसभर चालतो आणि शंभर फोटो घेऊन येतो. त्यातल्या नव्वदांचं काय करायचं ते कळत नाही आणि उत्साह तिथंच संपतो. त्यापेक्षा घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरचं एक झुडूप धरा आणि दोन महिने तेच बघा. माझं मत विचाराल तर रुईचं.

रुई कुठेही मिळते: मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, मारुतीच्या देवळामागे. ऐन उन्हाळ्यात ती हिरवी असते आणि तिला फुलं असतात. उंचीला छातीपर्यंत, त्यामुळे फुलं, शेंडा आणि पानांची मागची बाजू, सगळं डोळ्यांसमोर येतं. सगळ्यात मोठा फायदा तिच्या चिकाचा. तो विषारी असल्यामुळे रुई खाऊन पचवणारे कीटक ठरावीकच आहेत. आंब्यावर किंवा बाभळीवर शेकडो जातींची गर्दी असते. रुईवर नेहमीची मंडळी पंधरा-वीस, आणि महिन्याभरात ती सगळी ओळखीची होतात.

एक काळजी मात्र घ्यायचीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पान तोडायचं नाही, चुकून तुटलंच तर हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगा.

पायरी २: सामान

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, वही, पेन्सिल, फोन, टोपी, पाणी. जाळी लागत नाही. भिंग वापरायची रीत मात्र शिकून घ्या, कारण जवळजवळ प्रत्येक जण ते चुकीचं धरतो. भिंग हात लांब करून कीटकाजवळ न्यायचं नसतं. ते एका डोळ्याला अगदी खेटून धरायचं आणि मग आपण स्वतः पुढे वाकत पानाजवळ जायचं, चित्र स्वच्छ होईपर्यंत. अंतर फार तर दोन-तीन सेंटिमीटर उरतं. पहिल्यांदा जमलं की माव्याचे डोळेसुद्धा दिसतात.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. कीटकांचं अंग उन्हानं तापल्याशिवाय ते नीट उडू शकत नाहीत, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर ते सुस्त मिळतात आणि फोटो चांगले येतात. नऊनंतर फुलांवरची वर्दळ वाढते. मार्चअखेर दुपारी सगळेच सावली धरतात, आपणही धरावी.

पायरी ३: वरून खाली बघत या

झुडपापाशी जाताना आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूनं जा आणि पहिली दहा मिनिटं नुसते बसा. आपण आल्यावर उडून गेलेले सगळे परत येतात. मग फुलांपासून जमिनीपर्यंत टप्प्याटप्प्यानं बघत खाली यायचं.

फुलांवर भेटेल तो काळाभोर, मोठा भुंगा. पंखांवर निळी-जांभळी झाक, उडताना घुमणारा आवाज. सुक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून तो घर करतो. लोक त्याला घाबरतात, पण हातात पकडल्याशिवाय तो सहसा डंख करत नाही. रुईचे पराग सुटे, पिठासारखे नसतात. ते इवल्या पिवळ्या पुड्यांत बांधलेले असतात आणि या पुड्यांची जोडी चिमट्यासारखी भुंग्याच्या पायाला अडकते. भुंग्याचा फोटो मोठा करून पाय बघा. पिवळे लोंबते कण दिसले, तर रुईचं परागीभवन होताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत.

शेंड्याकडे कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पिवळा थर दिसेल. पिवळं अंग, काळे पाय: हा रुईवरचा मावा. इथं थांबा, अर्धा तास थांबा. एवढ्या हातभर शेंड्यावर जे चालतं, ते बघण्यासाठी लोक अभयारण्यात जातात.

मावा सोंड खुपसून रस शोषतो आणि जास्तीची साखर पाठीमागून थेंबाथेंबानं टाकतो. शेतकरी यालाच चिकटा म्हणतात. सासवडकडे ज्वारीच्या शेतात एक काकू मला म्हणाल्या होत्या, “चिकटा पडला की मुंग्या आल्याच, अन् मुंग्यांच्या मागं ढालकिडा.” रुईवर हीच साखळी भिंगातून दिसते. मुंग्या थेंब पितात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, माव्याला खातो. आपल्याकडे सारखी दिसणारी जात पिवळसर-लालसर पाठीची, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेली. त्याची अळी मात्र ढालकिड्यासारखी अजिबात दिसत नाही. ती सुसरीच्या पिलासारखी लांबुळकी, काळपट, सहा पायांवर तुरुतुरु पळणारी असते. कितीतरी लोक ती कीड समजून चिरडतात. तिच्याजवळच बिनपायांची, जळवेसारखी, अर्धपारदर्शक अळी असेल तर ती सिरफिड माशीची (हिची ओळख पुढे पायरी ४ मध्ये), आणि तीही मावाच खाते. केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाचं.

आणि माव्यात काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दाणे दिसतील. ते मेलेले मावे आहेत. माव्यापेक्षाही लहान अशी एक गांधीलमाशी त्यांच्या अंगात अंडं घालते, अळी आतून त्यांना खाते आणि मोठी झाली की पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. भोक पडलं असेल तर माशी निघून गेली. नसेल तर ती अजून आत आहे. एकदा एका बंद दाण्यावर मी तासभर भिंग धरून बसलो होतो. आधी पाठीवर सुईच्या टोकाएवढी फट दिसली, मग वर्तुळ कुरतडत कुरतडत ती पुरी झाली, आणि झाकण उचलून दोन मिशा बाहेर आल्या. त्या दिवसापासून मी रुई सोडलेली नाही.

पानांच्या मागे बिबळ्या कडव्याची अंडी शोधा. हे नारिंगी रंगाचं, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पंखांचं फुलपाखरू. मादी एका पानाखाली बहुधा एकच अंडं चिकटवते: पांढरट, उभट, टाचणीच्या डोक्याएवढं. मोठ्या अळीच्या अंगावर पांढरे, काळे आणि पिवळे आडवे पट्टे, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. खाण्याआधी ती पानाची शीर कुरतडते, म्हणजे चीक पुढे येत नाही, आणि मग त्यापुढचा भाग निवांत खाते. उन्हाळ्यात अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे एका मार्च महिन्यात पूर्ण चक्र जागेवर बघता येतं, घरी बरणीत आणून ठेवायची गरज नाही.

उकललेल्या बोंडांवर, म्हाताऱ्या उडत असतात तिथं, लाल-काळे ढेकूणवर्गीय कीटक बिया शोषताना दिसतात. खाली मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतील तर तळाशी मुंगीसिंहाची अळी दडलेली असते. गवताच्या काडीनं कडेची माती किंचित सरकवा, ती वर माती उडवते.

पायरी ४: नावाआधी गट

मराठीत घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी आणि कुंभारीण माशी, सगळ्या माश्याच. बोलताना काही अडत नाही, ओळखताना अडतं. म्हणून माशी दिसली की पहिला प्रश्न: पंख किती? घरमाशीच्या गणाला, म्हणजे डिप्टेराला, दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी टाचणीसारख्या दोन बारीक दांड्या असतात. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि पंखवाल्या मुंग्या हायमेनोप्टेरा गणातल्या, त्यांना चार. उडत्या कीटकाचे पंख मोजता येत नाहीत, तेव्हा तोंडाकडे बघा. डोळ्यांनीच जवळजवळ सगळं डोकं व्यापलंय आणि मिशा अगदी आखूड आहेत, तर अंगावर मधमाशीसारखे पट्टे असले तरी ती सिरफिड माशी. हवेत एका जागी टांगल्यासारखी राहते तीच. तिला डंख नसतो.

दुसरी गफलत भुंगेरे आणि ढेकूणवर्गीय यांच्यात होते. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ उभी रेघ असते, कारण पुढचे टणक पंख पेटीच्या झाकणांसारखे एकमेकांना भिडतात. ढेकूणवर्गीयांचे पंख एकावर एक तिरपे येतात, त्यामुळे पाठीवर फुली दिसते आणि तिच्या वर एक त्रिकोण. भुंगेरा चावून खातो, ढेकूण सोंडेनं शोषतो. काटेसावरीखाली एप्रिलमध्ये जे शेकडो लाल कीटक जोड्यांनी फिरतात, ते कापूसवाल्यांच्या ओळखीचे लाल ढेकण्या. लोक त्यांना भुंगे म्हणतात. पाठीवरची फुली एकदा दाखवली की पुन्हा कोणी चुकत नाही.

बाकीचं झटपट. मिशांच्या टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू. दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या मिशा असतील तर पतंग. बसल्यावर पंख आडवे पसरलेले ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटते ती बहुधा टाचणी. पाय आठ असतील तर तो कीटकच नाही: कोळी किंवा त्याच्या नात्यातला माइट. जूनमध्ये येणारा मखमली मृगाचा किडासुद्धा माइटच. करंजाच्या पानांवर वाटाण्यासारख्या गाठी दिसतात, त्याही कीटकाच्या नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या माइटमुळे त्या येतात.

गण ठरला, कुळ ठरलं आणि पुढे जाता आलं नाही, तर तिथंच थांबा. “सिरफिड माशी, जात माहीत नाही” ही पूर्ण आणि खरी नोंद आहे. अंदाजानं जात लिहिली तर ती पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी अभ्यासात जाऊन बसते. माझ्या पहिल्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी बिबळ्या कडव्याची एक नोंद केली होती. रंग, टोकं, आकार, सगळं जुळत होतं. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी फोटो बघून एवढंच विचारलं, “मागच्या पंखावर काळे ठिपके किती?” बिबळ्या कडव्याला मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार असतात. माझ्या फोटोत वरच्या कडेला एकच होता. ती डॅनेड एगफ्लाय या वेगळ्याच फुलपाखराची मादी होती. रुईच्या चिकामुळे बिबळ्या कडवा कडू लागतो, पक्षी त्याला टाळतात, आणि ही त्याचं सोंग घेऊन सुरक्षित राहते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या डागांचा. तेव्हापासून मी नारिंगी पंख दिसले की आधी ठिपके मोजतो.

पायरी ५: फोटो आणि वही

एकच सुंदर फोटो ओळखायला पुरत नाही. किमान चार घ्या: वरून, बाजूनं, तोंडाचा, आणि ज्या झाडावर होता त्या झाडाचा पान-फुलांसह. हा चौथा सगळे विसरतात, आणि बहुतेक वेळा उत्तर त्याच्यात असतं. अळी कोणती हे ती कोणत्या झाडावर आहे यावरून निम्मं ठरतं: कढीपत्ता किंवा लिंबावर असेल तर बहुरूपी किंवा लिंबाळी, बांडगुळावर असेल तर हळदीकुंकू असण्याची शक्यता मोठी. लांबी कळावी म्हणून वहीच्या कडेवर मिलिमीटरच्या खुणा करून ठेवा आणि शेजारी धरा.

वहीत तारीख, वेळ, जागा, झाड, झाडाचा भाग आणि तो काय करत होता ते लिहा. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. माझ्या वहीतली एक नोंद अशी: “१४ मार्च, ८.४०, रुई, उत्तरेचा शेंडा. मावा भरपूर. ढालकिड्याच्या अळ्या ३. मुंगळा एकीला ओढून खाली टाकतो, ती पुन्हा चढते. चार वेळा.” यात एकाही जातीचं नाव नाही. तरीही मी सर्वांत जास्त वेळा उघडलेलं पान तेच.

पायरी ६: नाव पक्कं करून घ्या

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथं दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं आणि नोंदीला तारीख, जागा, फोटो असला की ती ‘रिसर्च ग्रेड’ ठरते आणि संशोधकांना वापरता येते. फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ उत्तम, त्यात अळी-कोषांचेही फोटो आहेत. एप्रिलच्या शेवटी चार दिवस ‘सिटी नेचर चॅलेंज’ हा शहराशहरांतल्या निसर्गनोंदींचा उपक्रम होतो. २०१६ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांनी तो सुरू केला, आता भारतातली अनेक शहरं त्यात असतात. आपल्या शहराची नोंद असेल तर त्या चार दिवसांत जरूर भाग घ्या, कारण तेव्हा जाणकार मंडळी नोंदी तपासायला बसलेली असतात. मुंबईत असाल तर १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गफेरीचे कार्यक्रम बघत राहा.

कोणी नाव सांगितलं तर “कशावरून?” हे आदरानं विचारा. चांगला जाणकार या प्रश्नानं खूश होतो.

रुईनंतर

महिन्याभरानं आजूबाजूला सरका. टेकडीवरच्या गुलाबी गिरीपुष्पावर आणि करंजाच्या फुलांवर मधमाश्या वेगवेगळ्या ओळखायला शिका: मोठी आग्या, मधली सातेरी, बारीक फुलोरी, आणि माशीएवढीही नसलेली, डंख नसलेली कोती. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसतीलच, पण माश्या मोजा. आंब्याचं परागीभवन मुख्यतः त्याच करतात. गळक्या नळाखालच्या ओलीवर फुलपाखरं चिखलपान करतात, क्षार मिळवण्यासाठी, आणि त्यांत बहुधा नर असतात. तिथूनच कुंभारीण मातीची गोळी उचलून नेते. ती कोणत्या भिंतीवर जाते ते बघून ठेवा.

आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच बघायचं. तिथं अत्तर, धूर, दगड, मोठा आवाज, फ्लॅश काही नको. उठलंच तर उभं राहून हात झाडू नका, तोंड झाकून बंद जागेकडे पळा. केसाळ सुरवंटाला हात लावू नका. आणि वाळवून पेटीत टोचण्यासाठी काही गोळा करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काही फुलपाखरांना आणि भुंगेऱ्यांना संरक्षण दिलं आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे.

माझं झुडूप टेकडीच्या पायथ्याला, मारुतीच्या देवळामागे आहे. शनिवारी तिथं एक आजी माळेसाठी रुईची पानं तोडायला येतात. गेल्या मार्चमध्ये मी त्यांना म्हटलं, “आजी, तोडायच्या आधी पान जरा उलटून बघाल?” त्यांनी उलटलं, मी भिंग दिलं. अंडं बघून त्या म्हणाल्या, “अगं बाई, हे तर मोत्यावानी.” त्यांनी ती फांदी सोडून दुसरीकडची पानं घेतली. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा त्या फांदीला लाल दोरा बांधलेला होता. पान उलटून पाहिलं. अंडं नव्हतं. पानाला टाचणीएवढी पाच-सहा भोकं पडली होती, आणि शेवटच्या भोकाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी, पट्टे उमटू लागलेली अळी शीर कुरतडत होती.